रिपोर्ट आणि ऑपरेशन यांच्यामधले दिवस

बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे ऑपरेशन कधी. निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या घरात गालाच्या, जिभेच्या किंवा हिरडीच्या कॅन्सरचे निदान झाले आणि डॉक्टरांनी दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, तर नातेवाईक अस्वस्थ होतात, कुणी ओळखीतून तारीख अलीकडे आणण्याची खटपट करतो, तर कुणी तेवढ्या वेळात झाडपाल्याचे औषध करून पाहावे असे सुचवतो. ‘गाठीला लोखंड लावले की ती पसरते’ हे वाक्यही याच दिवसांत कुठून तरी कानावर येते. ते खरे नाही. बायॉप्सीने किंवा ऑपरेशनने कॅन्सर पसरत नाही, तो पसरतो वाया गेलेल्या महिन्यांमुळे. मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेले हे दोन-तीन आठवडे वाया जाणारे नसतात. दात, आहार, तोंड उघडण्याची ताकद आणि तंबाखू या चार बाबतींतली काही कामे फक्त याच दिवसांत नीट होतात आणि एकदा रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाले की त्यांतली काही कधीच करता येत नाहीत. माझ्या मामांच्या आजारपणात आम्हाला हे उशिरा कळले, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी उपचारांचा क्रम समजून घेऊ. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा ऑपरेशन आधी होते. काढलेला भाग तपासणीला जातो आणि गाठ किती मोठी होती, कडा स्वच्छ आहेत का, मानेतल्या गाठींत, म्हणजे लसिका ग्रंथींत, कॅन्सर शिरला आहे का, हे त्या तपासणीत कळल्यावर रेडिएशन लागणार की नाही ते ठरते. आजार अगदी सुरुवातीचा असेल तर ऑपरेशनवरच भागते. कडेला कॅन्सर उरला असेल किंवा तो मानेच्या गाठीचे आवरण फोडून बाहेर आला असेल, तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन नावाचे केमोथेरपीचे औषधही देतात आणि त्यासाठी मूत्रपिंडांची व कानांची तपासणी आधी करून घेतात. घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये मात्र अनेकदा ऑपरेशन न करता रेडिएशन आणि केमोथेरपी हाच मुख्य उपचार असतो.

ऑपरेशननंतरचे रेडिएशन शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते. जखम भरून यायला वेळ हवा आणि कॅन्सरला तर वेळ मिळू द्यायचा नाही, या दोहोंच्या मध्ये ही मुदत बसवलेली आहे. पुढे सोमवार ते शुक्रवार असे ३० ते ३३ दिवस, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे, रोज थोडा थोडा डोस देतात. ऑपरेशन न करता रेडिएशन द्यायचे असेल तर हे दिवस साधारण ३५ होतात. डोस ग्रे या एककात मोजतात. ऑपरेशननंतर एकूण ६० ते ६६ ग्रे आणि ऑपरेशनाशिवाय सुमारे ७० ग्रे दिले जातात. एकदम न देता रोज दोन ग्रे देण्याचे कारण असे की दोन डोसांच्या मधल्या तासांत निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ती तितकीशी जमत नाही. पण मध्येच चार-पाच दिवस खंड पडला तर उरलेल्या कॅन्सरपेशींनाही वाढायला उसंत मिळते. उपचार जितका लांबतो तितकी आजार आटोक्यात राहण्याची शक्यता घटते, आणि ही घट लांबलेल्या दर दिवसामागे साधारण एक टक्का मानली जाते. त्यामुळे यल्लम्माची यात्रा, घरातले लग्न किंवा उसाची तोड आली म्हणून आठवडाभर खाडा करणे फार महागात पडते. तारखा कळल्या की घरच्या कार्यक्रमांचे दिनदर्शिकेत काय करायचे, ते तेव्हाच ठरवून टाकावे.

आता तंबाखू. ज्या पिकाने निपाणी भागातल्या कित्येक घरांना दोन घास मिळवून दिले, त्याच्याविषयी असे लिहिताना हात जरा अडखळतो. पण ऑपरेशन ठरलेल्या माणसाच्या चंचीला आता घरात जागा नाही. गुटखा, मावा, जर्दा, विडी यांची नावे सगळ्यांनाच माहीत असतात, निसटते ती मिश्री. ‘तंबाखू खाता का?’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर मावशी-आजी अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण तव्यावर भाजून केलेली पूड त्यांच्या लेखी दात घासायची असते आणि दिवसातून चार वेळा ती हिरडीला लावली तरी ते व्यसन ठरत नाही. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि डॉक्टरांना ती सांगायलाच हवी. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो आणि शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून बसवलेले मांस जगण्याची शक्यता कमी होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या छातीत कफ जास्त असतो, भूल उतरल्यावर तो त्रास देतो. शिवाय रेडिएशनच्या काळात धूम्रपान चालू ठेवले तर रेडिएशनचा परिणामही कमी होतो. चार आठवडे आधी सोडणे उत्तम, पण दहाच दिवस हातात असतील तर त्या दहा दिवसांचाही उपयोग होतो. सोडताना मदत लागली तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दातांकडे, म्हणून इथे जरा थांबतो. मामांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले, तिथे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, त्याला ओपीजी म्हणतात, आणि खालच्या तीन दाढा काढाव्या लागतील असे सांगितले. मामा वैतागले. ‘दातांचं काय घेऊन बसलाय? आधी गाठ काढा की!’ असे ते म्हणाले आणि आम्हालाही ते पटले. एक दाढ ऑपरेशनमध्ये निघाली, दोन राहिल्या. ऑपरेशन आणि रेडिएशन पार पडले, सगळे आनंदात होते. दोन वर्षांनी राहिलेल्यांपैकी एक दाढ ठणकू लागली, तेव्हा मामा जवळच्या एका दवाखान्यात गेले आणि रेडिएशन झाल्याचे न सांगता ती काढून आले. ती खळी भरलीच नाही. काही महिन्यांनी हिरडीतून पिवळट हाड दिसू लागले आणि पुढे त्यासाठी पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागले.

असे का होते, ते सोपे आहे. खालच्या जबड्याच्या हाडाला मुळातच रक्तपुरवठा बेताचा असतो आणि रेडिएशनमुळे त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या अरुंद होतात. एरवी दात काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत जी जखम भरते, ती अशा हाडात भरत नाही, हाड उघडे पडते आणि मरू लागते. हा धोका वर्षा-दोन वर्षांनी संपत नाही, तो जन्मभर राहतो. दुसरीकडे लाळेच्या ग्रंथींवरही रेडिएशन पडते, लाळ कमी आणि चिकट होते, आणि लाळेच्या पहाऱ्याशिवाय दात झपाट्याने किडतात. म्हणजे दात काढण्याची गरज वाढते आणि काढण्याची सोय संपते. म्हणून ज्या दातांचा भरवसा नाही ते रेडिएशनच्या किमान दोन, शक्यतो तीन आठवडे आधी काढून जखम भरू द्यावी लागते. ऑपरेशन आधी ठरलेले असेल तर त्याच भुलेत दात काढून घेणे सर्वांत सोयीचे, कारण ऑपरेशन आणि रेडिएशन यांच्यामधल्या सहा आठवड्यांत तोंड सुजलेले असते आणि हा खटाटोप होत नाही. जे दात राहतील त्यांची सफाई करून घ्यावी, किडी बुजवाव्यात, टोकदार कडा घासून घ्याव्यात आणि फ्लोराइडचे जेल रोज कसे लावायचे ते शिकून घ्यावे. ते जेल पुढे आयुष्यभर लावायचे असते.

तोंड किती उघडते हेही याच वेळी मोजून ठेवावे. निरोगी माणसाच्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. सुपारी आणि मावा खाणाऱ्यांचे गाल आतून आधीच कडक झालेले असतात, त्यांच्या तोंडात कधी एकच बोट जाते. अशा रुग्णाला भूल देणे अवघड असते. नाकातून बारीक दुर्बीण घालून, रुग्ण जागा असतानाच श्वासाची नळी बसवावी लागते, आणि हे आधी सांगितलेले असले की रुग्ण घाबरत नाही. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर तोंड आणखी आखडते. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम आधीच शिकावेत. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि आठवड्याला एखादी वाढवत न्यायची, हा साधा प्रकार बहुतेक ठिकाणी शिकवतात. खांद्याचेही तसेच आहे. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस दुखावू शकते आणि पुढे हात वर करून शर्ट घालणेही जड जाते.

आहाराविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. रुग्णाला गिळवत नाही म्हटले की घरचे पातळ पेज देतात आणि त्याने दोन वाट्या प्यायल्या की समाधान मानतात. पातळ पेज म्हणजे बहुतांश पाणीच. या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, हे डोक्यात ठेवून बेरीज करावी. भाकरी दुधात कुस्करावी, नाचणीची आंबील पाण्याऐवजी दुधात शिजवावी, आमटी घट्ट ठेवून वर तूप सोडावे, शेंगदाण्याचे कूट अगदी बारीक करून खिरीत घालावे. मधुमेह नसेल तर बेळगावचा कुंदा गरम दुधात विरघळवून द्यायला कुणाचीच हरकत नसावी. मामांनी तो उपचार संपेपर्यंत आवडीने घेतला. मधुमेह असेल तर मात्र साखर आधी ताब्यात आणावी लागते, नाहीतर जखमा चिघळतात. रक्त पातळ होण्याची गोळी, रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी यांतली कोणती कधी बंद करायची ते भूलतज्ज्ञांना विचारावे, आपल्या मनाने काहीच थांबवू नये.

गिळणे फारच कमी झाले तर नाकातून पोटात जाणारी नळी घालतात. ती दिसली की ‘आता काही खरे नाही’ असे पाहुणे दारातच बोलून जातात. वस्तुतः ती नळी उपचार पूर्ण करता यावेत म्हणून असते आणि काम झाले की निघते. नळी असली तरी डॉक्टर नको म्हणत नाहीत तोवर दिवसातून काही वेळा घोटभर पाणी गिळत राहावे. घशाचे स्नायू न वापरल्यास गिळणे विसरतात.

ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर भोवतालचा निरोगी भाग, गरज असल्यास जबड्याचे हाड आणि मानेतल्या गाठी काढतात. पडलेली पोकळी भरायला छातीचे, मनगटाजवळचे किंवा मांडीचे मांस, आणि जबड्यासाठी पायातले बारीक हाड वापरतात. हातावरचे मांस घ्यायचे ठरले असेल तर त्या हाताला सलाईन किंवा रक्त काढण्याची सुई लावू द्यायची नाही. हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवून सांगावे, कारण पाळी बदलली की नवीन परिचारिकेला ते माहीत नसू शकते. छातीचे मांस गालात बसवलेल्या पुरुषांना पुढे तोंडात केस आल्यासारखे वाटते. ते खरेच छातीचे केस असतात. रेडिएशननंतर ते बहुधा गळून जातात, पण आधी कुणी सांगितलेले नसले तर माणूस हादरतो.

सूज येऊन श्वास अडू नये म्हणून गळ्याला छिद्र पाडून नळी बसवतात. ती असेपर्यंत आवाज येत नाही. आपल्या भागात इथे एक वेगळी अडचण उभी राहते. घरी, बाजारात, दुकानात मराठी बोलणारा माणूस अतिदक्षता विभागात जागा होतो, तोंडातून शब्द फुटत नाही आणि समोरच्या परिचारिकेला कदाचित फक्त कन्नड येत असते. बेळगावात बहुतेकांना दोन्ही भाषा येतात, हुबळी-बेंगळुरूला तसे नाही. आम्ही मामांसाठी वहीच्या पुठ्ठ्यावर सहा खाने आखले होते. एका खान्यात पाण्याचा तांब्या काढला आणि खाली ‘पाणी – नीरु’ लिहिले, दुसऱ्यात ‘दुखते – नोवु’, तिसऱ्यात ‘श्वास – उसिरु’, आणि परिचारिकेला वाचता यावे म्हणून बाजूला शेजारच्या मुलाकडून कन्नड लिपीतही लिहून घेतले. मामींना वाचता येत नाही, पण चित्रांमुळे त्यांनाही तो पुठ्ठा वापरता आला. हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री न करता आठवडाभर आधी करून रुग्णाबरोबर दोन-तीनदा सराव करावा. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे ते मराठीतून समजावून मागण्याचा संकोचही बाळगू नये.

रेडिएशनला आपल्याकडे ‘करंट देणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात. या शब्दांमुळे भीती वाढते. त्यात विजेचा झटका नसतो, भाजल्यासारखे काही जाणवतही नाही. एक्स-रे काढताना जितके कळते तितकेच कळते. यंत्र बंद झाल्यावर अंगात काही उरत नाही, त्यामुळे नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. सुरुवातीला मुखवटा तयार करतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी ओल्या, कोमट फडक्यासारखी चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ओढतात आणि ती काही मिनिटांत थंड होऊन चेहऱ्याच्या आकाराची घट्ट होते. मग रोज तोच मुखवटा टेबलाला बांधून उपचार होतो, म्हणजे मान एक-दोन मिलिमीटरही हलत नाही. श्वास जाळीतून व्यवस्थित घेता येतो. दाढी मुखवट्याच्या आदल्या दिवशीच करून घ्यावी. एकदा उपचार सुरू झाले की त्या जागी पाते लावू नये, आणि हळद, तेल, बाम, राख यांतले काहीही मानेला चोळू नये. वजनाचा आणि मुखवट्याचा संबंध फारसे कुणी सांगत नाही. रुग्ण पाच-सहा किलोने उतरला की मुखवटा सैल होतो, नेम चुकू लागतो आणि पुन्हा स्कॅन करून नवे नियोजन करावे लागते. दर आठवड्याला वजन करतात ते यासाठीही.

पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही आणि ‘उगाच घाबरलो’ असे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाची आतली त्वचा सोलवटते, चव जाते, लाळेची तार लागते. शेवटचे दोन आठवडे सर्वांत कठीण. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या करणे सुरुवातीपासून ठेवावे, जखमा झाल्यावर नव्हे. वेदनेच्या औषधांना कंटाळू नये. मॉर्फिनचे नाव ऐकून नकार देणारे घरोघरी भेटतात, पण दुखले की माणूस गिळत नाही आणि गिळले नाही की खाडा पडतो. उपचार संपल्यावरही काही आठवडे त्रास चालूच राहतो, हे माहीत असले म्हणजे निराशा येत नाही.

कागदपत्रांचे काम पहिल्याच दिवशी सुरू करावे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, इतरांना खर्चाच्या तीस टक्के आणि वर्षाला दीड लाखांपर्यंत मदत मिळते. ऑपरेशन आणि रेडिएशन यांची मंजुरी वेगवेगळी येते, म्हणून दोन्हींबद्दल आताच विचारावे. रेशनकार्डावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, ही आपल्या भागातली जुनी डोकेदुखी. कन्नडमधून उतरवलेले नाव इंग्रजीत ‘जोतिबा’चे ‘ज्योतिबा’ होते आणि मंजुरी अडते. ८६५ सीमागावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली होती. कोल्हापूर-मिरजेकडे उपचार घ्यायचे ठरवणाऱ्यांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे तीही विचारावी.

कुठे जायचे हा प्रश्न मोठा आहे. बेळगावात केएलईचे कॅन्सर रुग्णालय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. हुबळी, कोल्हापूर आणि मिरज जवळ आहेत, बेंगळुरूचे किडवाई आणि मुंबईचे टाटा लांब. माझे मत असे की अवघड ऑपरेशनसाठी लांब जावे लागले तरी चालेल, पण तेहेतीस दिवसांचे रेडिएशन शक्यतो घराजवळ घ्यावे. निपाणीहून रोज कोल्हापूर होते, रोज बेंगळुरू होत नाही. मात्र दोन ठिकाणी उपचार घेणार असाल तर रेडिएशनच्या डॉक्टरांची भेट ऑपरेशनपूर्वीच घ्यावी आणि बायॉप्सीच्या स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा), स्कॅनची सीडी व ऑपरेशनचा तपशील यांची एकच फाईल करावी. रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये पूर्ण सवलत आहे आणि सोबत्यालाही मोठी सूट मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो.

उपचार संपल्यावर डिस्चार्ज कार्डाबरोबर एकूण किती ग्रे, कोणत्या भागावर आणि कोणत्या तारखांना दिले याचा कागद मागून घ्यावा. मानेवर रेडिएशन झालेल्यांना सहा महिन्यांनी, वर्षाने थायरॉईडची तपासणी लागते, ती या कागदावर लिहून घ्यावी. मामींनी आता त्याची एक प्रत मामांच्या आधारकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली आहे आणि वर मोठ्या अक्षरांत आमच्याकडून लिहून घेतले आहे: ‘जबड्याला रेडिएशन झाले आहे. दात काढण्यापूर्वी विचारावे.’ खाली तेच कन्नडमध्ये.